बायकांनो, पुढं या

946, 913, 894.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं किती मुली होत्या, त्याचे हे आकडे. 1991, 2001 आणि 2011 च्या जनगणनेतले. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 साली ही संख्या 807 वर आली होती. मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळं आकडे तोंडपाठ असण्यात काही विशेष नाही. पण हे आकडे मी एका ठरावीक कामासाठी पाठ केले होते. आठ मार्चच्या कार्यक्रमात एखादी तरुण कार्यकर्ती माईक हातात घेऊन "गाण्यानं समाज बदलतो" असं म्हणाली, की नंतर चहाच्या वेळी मी तिला गाठायची. "ज्योती म्हापसेकरांनी 'मुलगी झाली हो' लिहिलं 1983 साली. स्त्री मुक्ती संघटनेनं ते नाटक, त्यातली गाणी गावोगाव नेली. इतर भाषांतही ते गेलं. त्यानंतरच्या तीन जनगणना बघ. गाणी वाढली, मुली घटल्या." पोरगी गप्प व्हायची. मला बरं वाटायचं.

आता मी तो हिशेब मांडत नाही. आकड्यांत एकही खोटा नाही. त्यांच्यावरून जे अनुमान मी काढत होते, ते मात्र काढवत नाही. हे कसं झालं ते आमच्या अणदूर गावातल्या ज्या मैत्रिणी मला "बाई, तुम्ही पण?" असं विचारतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझा विश्वास कशावर होता ते आधी सांगते, कारण तो विश्वास उडालेला नाही. अणदूर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, हे आमच्याकडच्या मुलींचं नशीब. रस्ता आहे म्हणून एसटी आहे, एसटी आहे म्हणून नळदुर्ग आणि सोलापूर आहे. मुलींची बारावीपर्यंतची फी माफ झाली, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मोफत पास आला, आणि सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली माझ्या डोळ्यांदेखत दहावीपर्यंत टिकायला लागल्या. 1994 साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं वाटा देणारी दुरुस्ती राज्यानं केली; केंद्राला त्यासाठी 2005 उजाडलं. गावातच हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं राहिलं. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन 'भारतवैद्य' केलं. ही सगळी मोजता येणारी कामं. पास, वाटा, वजनकाटा. यातल्या कशालाही पेटी-तबला लागला नव्हता. बायकांच्या बैठका गाण्यानं सुरू होत, तेव्हा मी घड्याळाकडं बघायची. ते एकदाचं संपलं की कामाचं बोलता येईल, असं वाटायचं.

पण सगळंच काही गणित नव्हतं. त्या गाण्यांच्या वेळी मला अवघडल्यासारखं व्हायचं, आणि त्या अवघडलेपणाला मी "काव्य सुमार आहे, चाली सिनेमाच्या आहेत" असं सभ्य नाव दिलं होतं. खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती आमच्या गावच्या देवाशी जाऊन भिडते.

आमचा खंडोबा दोन गावांत राहतो. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन्हीकडचे मानकरी करार करतात आणि पालखी निघते. बाणाईशी देवाचं लग्न नळदुर्गला लागलं अशी इकडची श्रद्धा, त्यामुळं जागरणात म्हाळसा आणि बाणाईचं भांडण रंगायला आमच्याकडं जरा जास्तच कारण. माझ्या लहानपणी जागरण म्हणजे रात्रभराचा कार्यक्रम. वाघ्याच्या हातात दिमडी, साथीदाराच्या तुणतुणं, देवाला वाहिलेल्या मुरळीच्या हातात घाटी. आम्ही मुली दाराआड. मुरळी भर अंगणात, पुरुषांच्या पुढ्यात उभी राहून आवाज सोडायची. पहिल्या रांगेतल्या मोठ्या माणसाचीही ती टोपी उडवायची आणि तो माणूस हसायचा. म्हाळसेचा राग ती गायची तेव्हा दाराआडच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. घरात त्यांच्यापैकी एकीनंही तसा राग काढला असता, तर सकाळी माहेरचा रस्ता धरावा लागला असता. आणि सकाळ झाली की त्याच मुरळीला कुणी ओसरीवर बसा म्हणत नसे.

मुरळी सोडण्याची चाल गेलीच पाहिजे, यात माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि त्यातून या चालीवर कोरडे ओढले. दलितांच्या मुली देवाच्या नावावर आणि माणसांच्या सोयीसाठी सोडल्या जातात, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुढं 1934 चा कायदा आला, मग 2005 चा. लेक देवाला वाहणं हा गुन्हाच. पण या सगळ्यात एक गोष्ट मला कधी दिसली नव्हती. गावात मोठ्यानं गायची मुभा एकाच बाईला होती आणि त्या मुभेची किंमत तिच्याकडून पुरेपूर वसूल केली गेली होती. आमच्यासारख्या घरांतल्या बायकांची अब्रू तिच्या बदनामीवर उभी होती. हळू बोलते ती चांगल्या घरची, आवाज चढवते ती तसली. मी शिकले, पगार कमावला, पण ही वाटणी माझ्या घशात तशीच राहिली. चौकात दिमडी घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीमुक्तीवाल्या पोरी बघून मला नेमकं काय टोचत होतं, ते हे.

हे कळायला मला दोन बायका लागल्या. एक माझी आई, जी आता नाही, आणि दुसरी माझी भाची.

आई जात्यावर गायची. ती देवाधर्माचं आणि भावाचं कौतुक गाते, एवढीच माझी समजूत. पहाटेच्या झोपेत कानावर पडलेलं कोण नीट ऐकतं? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळानं त्या सगळ्यांना ऐकता-वाचता येतील अशा खुल्या केल्या. निवृत्तीनंतर रिकामा वेळ होता म्हणून मी ऐकायला बसले. आमच्याच मराठवाड्यातल्या बायका. परभणीकडच्या, बीडकडच्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्यांत तर बाबासाहेब घरच्या माणसासारखे येतात. विठ्ठल आणि भाऊ होतेच. पण मुलगी झाली म्हणून फिरलेली तोंडंही होती, नवऱ्याचा हात होता, सासरचं उपाशी राहणं होतं. बाईचा जन्मच नको, असं सरळ म्हणणं होतं. 'मुलगी झाली हो' मधली जी गोष्ट मला मुंबईहून आणलेली वाटत होती, ती माझी आई पहाटे माझ्या उशाशीच म्हणत असणार. तिला ऐकणारी एकच बाई होती, जात्याच्या खुंट्याला दुसऱ्या बाजूनं धरलेली माझी चुलती. पुढं गावात विजेची गिरणी आली, त्या दोघींचे हात सुटले आणि गाणंही संपलं. गिरणी आली याचं मला आजही वाईट वाटत नाही. दळण हे काही सुख नव्हतं. पण आपसांतलं बोलणं जिथं चालायचं ती जागा गेली आणि तिच्याऐवजी दुसरी कुणी दिली नाही, हे खरं.

भाची पुण्यात शिकायला गेली आणि ड्रम वाजवायला लागली. भावानं मला फोन करून सांगितलं तेव्हा आवाज असा होता की मला वाटलं अपघात झाला. चार मुलींचा बँड आहे. त्या रॉक वाजवतात आणि गाणी बायकांबद्दलची. मी तिला तेच ऐकवलं जे सगळ्यांना ऐकवायची. 946 पासून सुरुवात केली. ती मला घाबरत नाही. म्हणाली, "आत्या, तू आधी नाओमी वाइसस्टाइन वाच. तुझ्यासारखीच आकडेवाली आहे."

वाचलं. नाओमी वाइसस्टाइन या शिकागोतल्या मानसशास्त्राच्या संशोधक. बाई कशी असते याबद्दल मानसशास्त्रज्ञ जे छातीठोक सांगतात त्याला पुरावा काय, असा प्रश्न 1968 साली त्यांनी विचारला आणि त्या क्षेत्रात खळबळ उडवली. म्हणजे भावनेच्या भरात वाहून जाणारी बाई नव्हे. 1970 साली त्या घरी रेडिओ ऐकत होत्या. रोलिंग स्टोन्सचं गाणं लागलं होतं, प्रेयसीला मुठीत ठेवल्याची बढाई मारणारं. ठेका असा की पाय हलावेत, आणि शब्द असे की अंगाची आग व्हावी. त्यांनी ठरवलं की ठेका आपण ठेवायचा आणि शब्द आपले घालायचे. त्यातून शिकागो विमेन्स लिबरेशन रॉक बँड निघाला. त्यातल्या बऱ्याच जणींना धड वाजवता येत नव्हतं. बायकांना ड्रम आणि विजेची गिटार शिकवतंय कोण? त्या वाजवत वाजवत शिकल्या. 1972 मध्ये न्यू हेवनच्या तशाच एका बँडबरोबर त्यांची तबकडी निघाली, 'माउंटन मूव्हिंग डे'. हे नाव जपानी कवयित्री योसानो अकिको यांच्या कवितेवरून घेतलेलं. ती कविता 1911 साली टोकियोत बायकांनीच काढलेल्या 'सेइतो' मासिकाच्या पहिल्या अंकात आली होती. तबकडीनंतर पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, शिकागोचा बँड मोडला.

तीन वर्षं चाललेला बँड, एकच सामाईक तबकडी. माझ्यातली जुनी गणितवाली म्हणाली, बघ, यातून काय निष्पन्न झालं? पण ठेक्याची आणि शब्दांची ती गोष्ट डोक्यातून जाईना, कारण ती मला आधीच माहीत होती. आपल्याकडं लावणी आहे. बाईच्या तोंडची, बाईच्या अंगाची, पण पेशवाईतल्या शाहिरांपासून बहुतेक सगळी पुरुषांनी लिहिलेली. नाचणाऱ्या बाईची कला अस्सल, तिच्या तोंडात घातलेली वासना दुसऱ्याची. रॉकमध्येही मंचावर जीव तोडून गाणारी बाई होतीच की. मागं वाजवणारे, लिहिणारे, पैसे मोजणारे पुरुष. मुरळीचंही तेच. जागरण कुणी घालायचं, कुणाच्या अंगणात, केव्हा थांबायचं, हे तिच्या हातात कधीच नव्हतं. मी इतकी वर्षं गाण्यातले शब्द तपासत होते, मजकूर बरोबर आहे का, उपदेश लागू पडतो का. दिमडी कुणाच्या हातात आहे, हे बघायचं राहून गेलं होतं.

मग भाचीनं अमेरिकेतल्या पुढच्या पिढीची गोष्ट सांगितली. 1990 च्या सुमाराला ऑलिंपिया नावाच्या गावात बिकिनी किल हा बँड निघाला. त्यांच्या कार्यक्रमांत पुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या मुलांची, मुली मागं भिंतीला. गायिका कॅथलीन हॅना मंचावरून सांगायची, मुलींनो पुढं या, मुलांनो मागं व्हा. आणि तसं होईपर्यंत पुढं जायची नाही. मुली पुढं आल्या, मग त्यांच्या हातात गाण्याचे छापील कागद आले, त्यातून छोट्या पत्रिका निघाल्या, त्या टपालानं गावोगाव गेल्या. या सगळ्याला त्यांनी 'रायट गर्ल' म्हटलं.

हे ऐकून मी मोठ्यानं हसले. आमच्याकडं कुठल्याही सभेत निवेदक म्हणतोच, "महिला भगिनींनी पुढं यावं." पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मग पुरुष, मग कडेला सतरंजीवर बायका. निवेदक पुन्हा म्हणतो. बायका एकमेकींकडं बघतात आणि पदर सारखा करतात. कुणी उठत नाही. तो पुढच्या मुद्द्याकडं वळतो, आणि इतिवृत्तात महिलांची उपस्थिती लक्षणीय अशी नोंद होते.

माझं मत खऱ्या अर्थानं हललं ते अशाच एका ग्रामसभेत. गावाचं नाव लिहीत नाही. पंचायतीत बायकांना आधी तेहतीस टक्के आणि 2011 पासून निम्म्या जागा, हा माझ्या विश्वासाचा मोठा खांब. खुर्चीवर सरपंच बाई बसली होती, आकडा बरोबर होता. बोलत होते तिचे यजमान. विषय दारूच्या दुकानाचा. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, हा नियम मला कलमासकट माहीत होता. मला बोलायला कुणी बंदी केली नव्हती. तीस-चाळीस पोरांना खडूच्या आवाजावर गप्प करणारी बाई मी. पण समोर भाऊबंदांतले वडीलधारे बसले होते, आणि माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. मी बसून राहिले.

उठली ती चौथी शिकलेली एक बाई. बचत गटाच्या बैठकीत गाणी सांगणारी, म्हणजे एक ओळ ती म्हणणार आणि बाकीच्या ध्रुपद धरणार. तिनं नियम चुकीचा सांगितला, टक्केवारीही चुकवली. पण ती बोलली, आणि तिचं वाक्य संपता संपता मागून सात-आठ जणींनी तेच वाक्य उचललं, गाण्यात उचलतात तसंच. यजमानांना मध्ये बोलायला फटच मिळाली नाही. नियम मी नंतर तिच्या कानात दुरुस्त केला. माझं ज्ञान तिथं दुसऱ्या क्रमांकावर उपयोगी पडलं.

घरी आल्यावर मी त्या गाण्यांचा पुन्हा विचार केला, ज्यांच्या वेळी मी घड्याळ बघायची. चाल ओळखीची का घेतात? कारण ती शिकवावी लागत नाही. ध्रुपद पुन्हा पुन्हा का येतं? कारण जिला वाचता येत नाही तीही दुसऱ्या फेरीत सामील होते. एकत्र का म्हणतात? कारण पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या बाईचा आवाज इतरांच्या आवाजात लपतो, आणि लपलेल्या अवस्थेत तो तिला स्वतःला ऐकू येतो. मग एखाद्या दिवशी गाणं सांगणारी आजारी पडते आणि दुसरीला पहिली ओळ उचलावी लागते. स्त्रीमुक्तीच्या पथकांनी हे मुद्दाम केलं की अनुभवानं त्यांच्या हातात आलं, ते तज्ज्ञांनी सांगावं. मला एवढं दिसतं की आईच्या जात्याभोवतीचं बोलणं त्यांनी उचललं आणि मुरळीच्या अंगणात आणून ठेवलं, आणि अंगण कुणाच्या मालकीचं राहू दिलं नाही.

आता त्या आकड्यांचं काय? ते पुसले गेलेले नाहीत आणि गाण्यांनी ते सुधारले असं म्हणण्याइतकी मी भोळी झालेली नाही. मुली घटल्या त्या सोनोग्राफीचं यंत्र स्वस्त झालं म्हणून, हुंडा वाढला म्हणून, कुटुंब लहान झालं पण मुलगा हवाच राहिला म्हणून. कायदासुद्धा होताच. महाराष्ट्रानं 1988 मध्ये, देशानं 1994 मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी घातली. माझ्याच तर्कानं बोलायचं तर कायदेही वाढले आणि मुली घटल्या. मग कायदा निरुपयोगी म्हणायचा का? तसं मी कधी म्हटलं नव्हतं. कायद्याला मी वेळ देत होते, गाण्याला नाही. कायद्याला धार आली ती साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानातल्या बायकांमुळं. गरोदर बाई तपासणीला पाठवायची, पुरावा गोळा करायचा, मग कोर्टात उभं राहून साक्ष द्यायची. गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणातल्या परळीच्या डॉ. सुदाम मुंडेपर्यंत हेच लोक पोचले होते. साक्षीच्या पिंजऱ्यात वकिलासमोर आवाज न कापता उत्तर देणारी बाई कुठून तयार होते, हा प्रश्न माझ्या वहीत कधी नव्हताच. सगळ्याच काही गाणी म्हणून तयार होत नाहीत. पण कुठंतरी तिनं आधी तोंड उघडलेलं असावं लागतं.

लोक आणखी एक युक्तिवाद करतात, तो मला पटत नाही. म्हणतात, सत्ता गाणाऱ्या बायकांना घाबरते, यावरूनच बघा गाण्याची ताकद. मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये पुसी रायट या बँडच्या मुली 2012 च्या फेब्रुवारीत गायल्या, त्यांच्यातल्या तिघींना दोन वर्षांची शिक्षा झाली. कबीर कला मंचच्या शीतल साठे 2013 च्या एप्रिलमध्ये मुंबईत विधानभवनाबाहेर गरोदर अवस्थेत पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला होता, आणि जूनमध्ये त्यांना जामीन मिळाला. ठीक. पण सत्ता कशालाही घाबरते, व्यंगचित्रालाही. भीतीवरून गाण्याचा दर्जा काढायचा नसतो. मला त्यापेक्षा श्रीनगरच्या 'प्रगाश'ची गोष्ट जास्त शिकवून गेली. दहावीतल्या तीन मुली. 2012 च्या डिसेंबरात बँडच्या स्पर्धेत वाजवल्या, फेब्रुवारीत मुफ्तींचा फतवा आला, धमक्या आल्या, बँड बंद. त्यांनी कुणाविरुद्ध काही म्हटलंही नव्हतं. आक्षेप मजकुराला नव्हताच. मुलगी, मंच, गिटार आणि ड्रम, एवढंच पुरलं. आमच्या गावातल्या दाराआडच्या आम्ही मुली आणि त्या तिघी यांच्यात फार अंतर नाही.

माझ्या तक्रारी संपलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. चळवळीची पुष्कळ गाणी कविता म्हणून भिकार आहेत. संडास बांधा, खातं उघडा, लस टोचा अशी सरकारी कामं तालात बसवून बायकांच्या तोंडी दिली, की ते पुन्हा दुसऱ्याचे शब्द बाईच्या तोंडी घालणंच झालं. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आले आणि निवडणुकीपर्यंत बहिणींच्या नावानं इतकी गाणी वाजली की कान किटले. बायका पुढच्या खुर्च्यांवर होत्या, माईक उमेदवाराकडं होता. पैसे मी वाईट म्हणत नाही, ते बाईच्या खात्यात येतात. गाणी मात्र भाड्याची होती.

आणि रॉक मला आवडत नाही. भाचीचा ड्रम मी कानात कापूस घालून ऐकला. तिला मी कडूबाई खरात ऐकायला लावल्या. संभाजीनगरच्या या बाई एकतारीवर भीमगीतं गात दारोदार फिरायच्या. मोबाइलवर कुणीतरी टाकलेल्या चित्रफितींमुळं घराघरांत पोचल्या. एक तार, एक आवाज, मागं कुणी नाही. भाची ऐकून बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "आत्या, हे आमच्यापेक्षा जास्त रॉक आहे." तिनं मला बदल्यात माही जी ऐकवली. महादेव कोळी समाजातली ही मराठी रॅप करणारी मुलगी जंगलावर, उन्हाळ्यावर, आपल्या माणसांवर बोलते. झपाझप बोलते, मला अर्धं कळत नाही. पण ती कुणाची परवानगी मागताना ऐकू येत नाही, आणि ते मला कळतं.

सध्या आमच्यात एका गोष्टीवरून वाद चालू आहे. माझ्या आईच्या काही ओव्या मला आठवतात, काही थोरल्या बहिणीला. भाचीच्या बँडला त्या हव्या आहेत, गिटारवर. शिकागोच्या बायकांनी जपानी कवितेचं गाणं केलं, मग आजीच्या ओवीचं का नको, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं, पण तीन अटी घातल्या. पहिली, मंचावर आजीचं पूर्ण नाव घ्यायचं, 'पारंपरिक' म्हणून तिला गाडायचं नाही. दुसरी, भावाचं आणि विठ्ठलाचं कौतुक करणाऱ्या ओव्या गाळायच्या नाहीत. ती दोन्ही म्हणत होती, बंडाची तेवढी निवडून तिला नवी बाई करायची नाही. भाची म्हणते, असं केलं तर गाणं अकरा मिनिटांचं होईल. होऊ दे.

तिसरी अट हलगीची. त्यांना ठेक्याला हलगी हवी आहे, आणि एकजण ती शिकूनही आली आहे. मी म्हटलं, ज्यांच्या घरांवर हे वाद्य गावकीचं काम म्हणून लादलं होतं, आणि ज्यांतल्या अनेकांनी बाबासाहेबांचं ऐकून ते स्वाभिमानानं खाली ठेवलं, त्या घरातल्या एखाद्या मुलीला आधी विचारा. तिची इच्छा असेल तर तिला बँडमध्ये घ्या, सगळ्यांच्या बरोबरीच्या पैशानं, एका कार्यक्रमापुरती बोलावून नव्हे. भाची म्हणते, "वाद्य कुणाच्या जातीचं नसतं, आत्या." मी म्हणते, वाद्य नसतं, पण त्याची लाज एकाच जातीला वाटायला लावली होती. यावर तिचं उत्तर अजून आलेलं नाही. बाकीच्या तिघींशी बोलून सांगते म्हणाली आहे.